धुके, दार आणि दलदल : व्हिक्टोरियाकालीन हेरकथेतील स्थलविचार

इंग्रजी हेरकथेचे नाव काढताच वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यात माणूस मागाहून येतो. आधी येते ते धुके. कोळशाच्या धुराने पिवळसर झालेले लंडनचे धुके, त्यात मिणमिणणारे गॅसचे दिवे, ओल्या फरसबंद रस्त्यावरून जाणाऱ्या घोडागाडीच्या चाकांचा आवाज आणि कोपऱ्यावर थांबलेली एखादी अनोळखी आकृती. हे चित्र इतके रूढ झाले आहे की, व्हिक्टोरियाकालीन हेरकथेतील वातावरणनिर्मिती म्हणजे धुके, असे समीकरण टीकेतही बसून गेले आहे. वस्तुतः कॉनन डॉइलच्या शेरलॉक होम्सविषयीच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या या दृष्टीने पुन्हा वाचल्या, तर धुक्यावाचून ज्यांचे कथानक अडले असते अशा कथा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतील. त्यांतही जी सर्वांत ठळक, भुयारी रेल्वेच्या डब्याच्या टपावर ज्यात प्रेत ठेवले जाते ती ‘ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स’ ही कथा, १९०८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा व्हिक्टोरिया राणीला जाऊन ७ वर्षे लोटली होती. हे धुके एवढे दाट केले ते पुढे चित्रपटांनी.

याचा अर्थ हेरकथेत स्थळाला महत्त्व नाही, असा मात्र नव्हे. ते स्थळ नेमके कोणते आणि कथेत ते कोणते काम करते, एवढाच प्रश्न आहे. या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागले म्हणजे असे दिसते की, या कथांतील भय अनोळखी जागेचे फारसे नाही. ते ओळखीच्या, राहत्या, प्रतिष्ठित जागेचे आहे. घर, त्याचे दार, दारावरचा रंग, भिंतीतला झरोका, बागेतली पायवाट ही या वाङ्मयातील खरी रहस्यस्थाने होत. अशी जागा एकाच वेळी गुन्हा लपविते आणि त्याची साक्षही देते. परंतु ती साक्ष काढण्याचा अधिकार कोणाचा, कोणाच्या दारात पोलिसाने पाऊल ठेवावे आणि कोणाच्या दाराशी त्याने टोपी काढून थांबावे, हा त्या समाजापुढचा जिवंत वाद होता. या कथांतला ताण बव्हंशी त्या वादातून आलेला आहे.

त्याआधीच्या इंग्रजी भयकथेला हा वाद माहीत नव्हता. वॉलपोलची ‘कॅसल ऑफ ऑट्रँटो’ ही कादंबरी १७६४ ची आणि अ‍ॅन रॅडक्लिफची ‘मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ १७९४ ची. दोन्हींत पडके किल्ले, भुयारे, दालनादालनांतून फिरणारे भास. आणि हे सगळे इटलीत. परका देश, परका धर्म आणि बहुधा सरलेला काळ, एवढे अंतर ठेवूनच इंग्रज वाचक घाबरावयास तयार होई. हे अंतर कोणी पुसले, याचे उत्तर हेन्री जेम्सने १८६५ सालीच एका परीक्षणात देऊन ठेवले आहे. आपल्या स्वतःच्या दाराशी असलेली रहस्ये कादंबरीत आणण्याचे श्रेय त्याने विल्की कॉलिन्सला दिले आणि अ‍ॅपेनाइन पर्वतातल्या किल्ल्यापेक्षा शेजारचे प्रसन्न दिसणारे घर किती अधिक भयप्रद असू शकते, याकडे लक्ष वेधले. जेम्सने दाराचा उल्लेख सहज केला असेल. परंतु या वाङ्मयाची किल्ली त्या शब्दात आहे.

कॉलिन्सकडे वळण्यापूर्वी डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ पाहावयास हवी, कारण धुक्याचा खरा मान तिचा आहे. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात मासिक भागांनी निघालेल्या या कादंबरीचा आरंभच धुक्याने होतो. मात्र हे धुके कोणत्याही गुन्हेगाराला आडोसा देत नाही. ते चॅन्सरी न्यायालयाच्या भोवती, किंबहुना त्याच्या आतही, साचलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या आणि सर्व मालमत्ता खर्चात गिळून टाकणाऱ्या दाव्याचे ते रूप आहे. उत्कंठा त्यातून निर्माण होत नाही, गुदमरणे होते. उत्कंठेसाठी डिकन्स दुसऱ्या जागा योजतो. लिंकन्स इन फील्ड्समधील वकील टल्किंगहॉर्नचे घर ही त्यांपैकी एक. त्या घराच्या छतावर एक रोमन आकृती चितारलेली आहे आणि ती वर्षानुवर्षे खाली बोट दाखवीत उभी आहे. कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. एका सकाळी त्याच बोटाखाली वकिलाचे प्रेत सापडते, आणि तेव्हापासून तिच्याकडे पाहिल्यावाचून कोणाला राहवत नाही. जागा तीच, चित्र तेच. एका गुन्ह्याने त्याला अर्थ आला. पुढल्या सर्व हेरकथांनी जे तंत्र गिरविले, त्याचा हा मूळ धडा मानावयास हरकत नाही.

याच कादंबरीत ‘टॉम-ऑल-अलोन्स’ नावाची पडझड झालेली वस्ती आहे. रात्री इन्स्पेक्टर बकेट हातातल्या कंदिलाचा झोत टाकीत तिच्यात शिरतो, तेव्हा त्याला दार वाजवावे लागत नाही. तो झोत झोपलेल्या माणसांच्या तोंडावर पडतो आणि ती निमूटपणे उठून बसतात. रस्ता झाडणाऱ्या जो या पोराला तर पोलीस सतत पुढे हो, पुढे हो म्हणून हाकलीत असतात. कोठे जावयाचे हे मात्र कोणी सांगत नाही. ज्याला जागाच नाही त्याला रहस्य बाळगण्याचा हक्क कोठून असणार? उलट डेडलॉक घराण्याच्या वाड्यात तोच बकेट येतो तेव्हा त्याचे बोलणे, बसणे, खाकरणेसुद्धा बदललेले असते. एकाच कादंबरीत एकाच हेराच्या चालीतला हा फरक डिकन्सने टिपून ठेवला आहे. त्याला ही माणसे प्रत्यक्ष परिचयाची होती. लंडनची नवी पोलीस यंत्रणा १८२९ सालची. तिच्यात साध्या वेषातील तपास करणारी शाखा निघाली ती १८४२ साली, आणि तीही २ इन्स्पेक्टर व ६ सार्जंट एवढीच. १८५० साली डिकन्सने या मंडळींना आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकाच्या कचेरीत बोलावून त्यांच्यावर लेख लिहिले, आणि त्यांची नावे अगदी थोडी बदलून छापली. त्यांतला ‘विचेम’ म्हणजे जोनाथन विचर.

हा विचर दहा वर्षांनी ज्या घराच्या दारात उभा राहिला, त्या घराने इंग्रजी हेरकथेला तिचे स्थळ दिले. विल्टशर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवरील रोड या गावी सॅम्युएल केंट नावाचे गृहस्थ राहत. ते सरकारी कारखाना-निरीक्षक होते. इतरांच्या कारखान्यांत शिरून पाहणी करणे हाच त्यांचा व्यवसाय. २९ जून १८६० च्या रात्री ‘रोड हिल हाउस’ नावाचे त्यांचे घर रोजच्याप्रमाणे आतून बंद करण्यात आले. सकाळी त्यांचा जेमतेम चार वर्षांचा मुलगा सॅव्हिल अंथरुणात नव्हता, दिवाणखान्याची एक खिडकी उघडी होती, आणि थोड्याच वेळात आवारातील शौचकूपात त्या मुलाचे गळा चिरलेले प्रेत सापडले. बाहेरून कोणी आल्याची खूण नव्हती. म्हणजे मारणारा त्याच छपराखाली झोपला होता आणि सकाळी इतरांबरोबर उठला होता. इंग्लंडभर वर्तमानपत्रांतून या घराची वर्णने छापली गेली. कोण कोणत्या खोलीत निजतो, कोणते दार करकरते, जिना कोणत्या खोलीवरून जातो, हे सारे अनोळखी वाचकांना पाठ झाले. घराचा अंतर्भाग हा सार्वजनिक वाचनाचा विषय होण्याचा असा प्रसंग पूर्वी क्वचितच आला असेल.

स्थानिक पोलिसांना काही उमगेना म्हणून दोन आठवड्यांनी लंडनहून विचरला पाचारण करण्यात आले. त्याने जे शोधले ते मोठे विलक्षण होते : धोब्याच्या हिशेबाची वही. केंट यांची सोळा वर्षांची मुलगी कॉन्स्टन्स हिचे रात्री निजताना घालावयाचे तीन झगे त्या वहीत नोंदलेले होते आणि घरात सापडत होते दोनच. या हरवलेल्या वस्त्रावर त्याने आपला तर्क उभारला आणि मुलीला अटक केली. झगा मिळाला नाही. दंडाधिकाऱ्यांनी तिला सोडून दिले. आणि लोकमत उसळले ते खुन्यावर नव्हे, विचरवर. सामान्य घरातून वर आलेल्या एका पोलिसाने कुलीन मुलीच्या कपड्यांत हात घालावा, तिच्या लाजेच्या वस्तूंविषयी भर न्यायालयात बोलावे, हे इंग्रज मध्यमवर्गाला मुलाच्या मृत्यूइतकेच, कदाचित त्याहून अधिक, असह्य झाले. विचरची कारकीर्द तेथेच मोडली. १८६४ मध्ये तो निवृत्त झाला. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने आपण होऊन कबुली दिली. तिची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि १८८५ मध्ये ती सुटली. तो झगा कधीच सापडला नाही.

१८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकात विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ प्रसिद्ध होत होती, तेव्हा रोड गावची आठवण वाचकांच्या मनात ताजी होती. कॉलिन्सने मुलाच्या जागी हिरा ठेवला, रक्ताच्या जागी रंग ठेवला. घर, हरवलेला झगा आणि धोब्याची वही मात्र जशीच्या तशी घेतली. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील लेडी व्हेरिंडरच्या घरात, तिच्या मुलीच्या बैठकीच्या खोलीतून, वाढदिवसाच्या रात्री हिरा नाहीसा होतो. त्या खोलीचे दार मुलीने आणि तिच्या मावसभावाने मिळून हौसेने रंगविलेले आहे. सकाळी त्या ओल्या रंगावर एक डाग दिसतो. गावचा पोलीस अधिकारी म्हणतो, मोलकरणींच्या घोळदार झग्यांनी पुसले असेल. सार्जंट कफ एवढेच विचारतो की, हा रंग वाळावयास किती तास लागतात? बारा तास, हे उत्तर येताच सारे घर बदलते. ते दार आता घड्याळ झाले आहे. मध्यरात्रीनंतर आणि पहाटे तीनच्या आत या दारातून कोणीतरी गेले. त्याच्या वस्त्राला रंग लागला. ते वस्त्र या घरातच कोठेतरी आहे. गूढता आणणारे एकही विशेषण न वापरता कॉलिन्सने एका रंगविलेल्या फळीतून जेवढा ताण निर्माण केला आहे, तेवढा उडॉल्फोच्या सबंध किल्ल्यातून निघत नाही.

मग कफ सर्वांचे कपडे पाहण्याची परवानगी मागतो. सर्वांचे, म्हणजे मालकिणीपासून मोलकरणीपर्यंत. विचरला जे भोवले ते टाळण्याचा हा उपाय. लेडी व्हेरिंडर मान्य करते, नोकर मान्य करतात आणि मुलगी रेचेल साफ नाकारते. तपास त्या बंद दाराशी थबकतो. एका कुलीन तरुणीने दार लावून घेतले म्हणजे कायद्याचा हात तेथे पोचत नाही.

याच घरात आणखी एक दार आहे आणि टीकाकारांचे त्याकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. रोझॅना स्पिअरमन ही एके काळी चोरी करून सुधारगृहात राहिलेली, एक खांदा वाकडा असलेली मोलकरीण. तिला त्या रंगलेल्या झग्याचा पत्ता लागला आहे, कारण झगा ज्याचा आहे त्या फ्रँकलिन ब्लेकवर तिचे मुके, हास्यास्पद ठरावे असे प्रेम आहे. त्याला वाचविण्यासाठी तसाच नवा झगा शिवावयास ती रात्री आपल्या खोलीचे दार लावून बसते. परंतु मोलकरणीचे बंद दार म्हणजे काय? शेजारच्या दासी कडी हलवून पाहतात, किल्लीच्या भोकाला डोळा लावतात, ते बुजविलेले दिसते म्हणून अधिकच संशय घेतात. दाराखालून येणारा उजेड आणि पहाटेच्या विस्तवाची चरचर यांचीही नोंद होते. रेचेलचे दार तिचे रहस्य राखते. रोझॅनाचे दारच तिच्याविरुद्ध साक्ष देते. अखेर आपले गुपित ठेवावयास तिला एवढ्या मोठ्या घरात जागा मिळत नाही, ती मिळते घराबाहेर, समुद्रकाठच्या ‘थरथरत्या वाळू’त. भरती-ओहोटीच्या वेळी जिचा पृष्ठभाग आपोआप कापू लागतो आणि वर पडलेली वस्तू जी गिळून टाकते, अशी ही रुतणारी वाळू आहे. खऱ्या झग्याची पत्र्याची पेटी साखळीला बांधून ती त्या वाळूत सोडते, आणि पुढे स्वतःही तेथेच शरीर टाकते.

ही वाळू म्हणजे वातावरणासाठी आणलेला एक भयानक देखावा, असे समजणे अपुरे होईल. कॉलिन्सने तिला कथानकातले सर्वांत निर्घृण काम दिले आहे. एक वर्षाने फ्रँकलिन ब्लेक ती साखळी ओढतो, पेटी उघडतो, डाग असलेला झगा बाहेर काढतो आणि चोराचे नाव वाचतो. ते त्याचे स्वतःचे असते. जिने ते नाव लपविण्यासाठी जीव दिला, तिला जिवंतपणी त्याने धड पाहिलेसुद्धा नव्हते.

‘द मूनस्टोन’मधील भारताविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण भारतीय वाचकाला ते चटकन खटकते. कादंबरी सुरू होते १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पाडावाने आणि संपते काठेवाडात, सोमनाथला. तेथे चंद्रदेवतेची चतुर्भुज मूर्ती आहे आणि तिच्या कपाळीचा हिरा परत आणण्यासाठी तीन ब्राह्मण पिढ्यान्‌पिढ्या जागत आले आहेत, अशी कॉलिन्सची कल्पना. सोमनाथ हे शिवाचे ज्योतिर्लिंग, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ‘सोम’ या शब्दावरून ग्रंथकाराने चंद्राचे देऊळ उभारले आणि त्याच्या रक्षणाची आज्ञा देण्यासाठी विष्णूला स्वप्नात पाठविले. परंतु या चुकीवर हसून थांबण्यात अर्थ नाही. उपरेपणाचा सारा संशय ज्यांच्यावर वाचकाने घ्यावा अशी ही तीन माणसे त्या यॉर्कशरच्या घराभोवती घिरट्या घालतात, त्यांना पकडून तुरुंगातही टाकले जाते. आणि चोरी झालेली असते ती आतल्या माणसाच्या हातून, पुढे हिरा जातो तोही एका धर्मपरायण इंग्रज सभ्य गृहस्थाच्या खिशात. मूळ चोरी तर श्रीरंगपट्टणला इंग्रज अधिकाऱ्यानेच केलेली. ज्या काळी १८५७ च्या उठावाने इंग्लंडातील हवा विषारी झाली होती, त्यानंतर अकराच वर्षांनी हे लिहिणे साधे नव्हते. कॉलिन्सचे सोमनाथ खोटे आहे, पण त्याचे यॉर्कशर फार खरे आहे.

१८६० नंतरच्या दशकात घराचे दार असे कथेच्या केंद्राशी आले, तसे बंद जागेचे इतर प्रकारही पुढे आले. १८६२-६३ मध्ये ‘वन्स अ वीक’ या नियतकालिकात आलेली ‘नॉटिंग हिल मिस्टरी’ ही तर कागदपत्रे, साक्षी आणि घराचा नकाशा यांचीच बनलेली आहे. जुलै १८६४ मध्ये लंडनच्या एका लोकल गाडीत टॉमस ब्रिग्ज या बँकेतील वयस्क कर्मचाऱ्याचा खून झाला. त्या काळच्या डब्यांचे कप्पे एकमेकांस जोडलेले नसत. दोन स्थानकांमध्ये प्रवासी अनोळखी माणसाबरोबर अक्षरशः कोंडलेला असे. गाडी थांबविण्याची सूचना देण्याचे साधन प्रवाशांच्या हाती असावे, अशी तरतूद १८६८ च्या कायद्याने झाली ती या भीतीतूनच. कथाकारांनी हा चालता बंद कप्पा सोडला नाही. फर्गस ह्यूमच्या १८८६ मध्ये मेलबर्नला निघालेल्या ‘मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’मध्ये घोडागाडीत दोघे बसतात, एक मध्येच उतरतो आणि गाडीवाल्याला उरलेला उतारू मेलेला आढळतो. इझ्रेल झँगविलची १८९१ ची ‘बिग बो मिस्टरी’ धुकट डिसेंबर सकाळी लंडनच्या पूर्वभागातील एका गरीब भाड्याच्या खोलीत घडते. खोली आतून बंद, खिडक्या बंद, गळा चिरलेला. झँगविलने धुक्याने आरंभ केला खरा, पण त्याचे रहस्य धुक्यात नाही. दार फोडून आत शिरणाऱ्या पहिल्या माणसावर कोणी संशय घेत नाही, या एका गोष्टीत ते आहे.

शेरलॉक होम्सचा जन्म १८८७ सालच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मधला, लेखन झाले ते त्याआधीच्या वर्षी, पोर्टस्मथजवळच्या साउथसी या उपनगरात. डॉइलला तोवर लंडनची फारशी ओळख नव्हती. ‘द साइन ऑफ फोर’मधील लंडनचे अचूक ज्ञान आपण टपालखात्याच्या नकाशावरून मिळविले, असे त्याने आपल्या अमेरिकन संपादकाला मोकळेपणाने कळविले आहे. हा तपशील नुसता गमतीचा नाही. होम्सचे लंडन हे फिरून पाहिलेले शहर नसून नकाशावर वाचलेले शहर आहे, आणि म्हणूनच ते इतके वाचनीय आहे. ब्रिक्स्टन रस्त्यालगतच्या ‘भाड्याने देणे आहे’ अशा रिकाम्या घरापुढची चिखलाची वाट होम्स अक्षरे वाचावी तशी वाचतो. पोलिसांनी तुडविल्यामुळे मजकूर खराब झाला, एवढीच त्याची तक्रार. चेस्टरटनने १९०१ मध्ये हेरकथेची तरफदारी करताना म्हटले की, आधुनिक नगराचे काव्य प्रथम या कथेने ओळखले. हे म्हणणे सुंदर असले तरी होम्सला पुरते लागू पडत नाही. होम्सला नगर भयावह वाटतच नाही. ‘द कॉपर बीचेस’ या १८९२ च्या कथेत विंचेस्टरच्या वाटेवर आगगाडीतून दिसणारी हिरवीगार शेते आणि लाल कौलांची घरे पाहून वॉटसन हरखतो, तेव्हा होम्सच्या मनात येते ते त्या घरांचे एकाकीपण. गलिच्छ गल्लीत मार खाणाऱ्या मुलाची किंकाळी शेजाऱ्याला ऐकू तरी जाते. त्या रम्य, दूरदूर पसरलेल्या घरांत कोणाचे काय चालले आहे हे कोण पाहणार? रोड हिलच्या घरानंतर बत्तीस वर्षांनी लिहिलेल्या या विचारात त्या घराची सावली दिसत नाही, असे म्हणणे कठीण आहे.

या विचाराचे कथारूप म्हणजे त्याच वर्षीची ‘द स्पेकल्ड बँड’. कलकत्त्यास डॉक्टरकी करून आलेला रॉयलॉट, सरे परगण्यातले त्याचे ढासळते घर, आवारात मोकळा फिरणारा चित्ता आणि बबून जातीचे माकड, जवळच तळ ठोकून राहिलेले जिप्सी : गॉथिक कथेचा सारा बाजार डॉइलने येथे भरविला आहे आणि त्यातले काहीही खुनाच्या कामाचे नाही. कामाच्या वस्तू तीन आहेत. ओढली तर न वाजणारी घंटेची दोरी. हवा बाहेरून न घेता शेजारच्या खोलीतून घेणारा झरोका. आणि जमिनीला खिळवून टाकलेला, हलविता न येणारा पलंग. तिन्ही वस्तू कोणत्याही भल्या घरात आढळाव्यात अशा. प्रत्येकीत एकेकच खोट. चित्त्याच्या भीतीने मुली रात्री दार आतून लावून घेतात, म्हणजे संरक्षणासाठी लावलेले दारच त्यांना मारेकऱ्याच्या स्वाधीन करते. पलंग हलत नाही ही गोष्ट होम्स शांतपणे सांगतो, तेव्हा वाचकाच्या अंगावर येणारा काटा सापाच्या दर्शनाने येणाऱ्या काट्यापेक्षा मोठा असतो. (साप बशीतले दूध पितो ही समजूत नागपंचमीपुरती आपल्याकडेच आहे असे नाही, हे या कथेवरून कळते.) जागेचा मालक हाच पालक, आणि पालक हाच घातक, मुलींच्या लग्नानंतर आईच्या संपत्तीतला वाटा त्याच्या हातून जाणार आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा इंग्लंडात १८८२ मध्ये झालेला होता. तरी अविवाहित मुलीच्या खोलीची भिंत बापाच्या हुकमाने फोडली जाऊ शकत होती.

शेवटचा टप्पा पंचांगाप्रमाणे व्हिक्टोरियाकालीन नाही. राणी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली आणि ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी ‘स्ट्रँड’ मासिकात ऑगस्ट १९०१ पासून एप्रिल १९०२ पर्यंत आली. मात्र कथेचा काळ १८८९ चा आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत जे घराच्या आत येऊन बसले होते, ते या कादंबरीत पुन्हा उघड्यावर जाते. डेव्हन परगण्यातील डार्टमूर हे उजाड, खडकाळ माळरान डॉइलने १९०१ मध्ये प्रत्यक्ष पायी हिंडून पाहिले होते. या वेळी टपालखात्याच्या नकाशावर भागले नाही. तेथील प्रागैतिहासिक दगडी झोपड्या, प्रिन्सटाउनचा तुरुंग आणि दलदल या तिन्ही खऱ्या गोष्टी त्याने घेतल्या, दलदलीला ‘ग्रिम्पेन मायर’ हे नाव दिले आणि त्यांवर एका शापाची दंतकथा पसरली.

या कादंबरीविषयी लिहिताना माळ, रात्र आणि कुत्र्याचे विव्हळणे यांचीच चर्चा होते. तथापि खरा पुरावा पुन्हा दारापाशीच आहे. बास्करव्हिल हॉलच्या मागे यू वृक्षांच्या दोन उंच कुंपणांमधून एक वाट जाते. तिला मध्येच माळावर उघडणारे एक लहानसे फाटक आहे. सर चार्ल्स त्या फाटकाशी उभा होता, हे तेथे पडलेल्या सिगारच्या राखेवरून कळते. राख दोनदा झडली, यावरून तो किती वेळ थांबला तेही कळते. म्हणजे तो कोणाची तरी वाट पाहत होता. ‘द मूनस्टोन’मधल्या रंगाने जे काम केले तेच येथे राखेने केले आहे, आणि शाप, दंतकथा, नरकातले श्वान या सर्वांचा पाया तेथेच खचतो. पण या वेळी फाटकाच्या अलीकडे घर आहे आणि पलीकडे असा प्रदेश आहे, जेथे कोणाचेच घर नाही. तेथे तुरुंगातून पळालेला सेल्डन कड्याकपारीत कुडकुडतो आहे आणि त्याला घरच्या चाकराची बायको, म्हणजे त्याची बहीण, चोरून अन्न पाठविते. हेर स्वतःही त्याच माळावरच्या एका दगडी झोपडीत लपून राहतो. पळालेला कैदी आणि त्याला शोधू शकणारा माणूस यांची वस्ती एकाच प्रकारच्या भोकांत, हे दृश्य डॉइलने फारसा गाजावाजा न करता ठेवून दिले आहे.

शेवटी धुकेही येते, आणि येथे मात्र ते खऱ्या कामाचे आहे. दलदलीवरून सरकत येणारा तो पांढरा थर वाटेवर पोचण्यापूर्वी सर हेन्री बाहेर पडेल की नाही, हा प्रश्न मिनिटांवर येतो. होम्सचा सगळा बेत त्या एका गोष्टीवाचून अडलेला असतो. अपराधी स्टेपलटन त्याच धुक्यात दलदलीकडे पळतो. आत जाण्याची वाट त्याने काठ्या रोवून आखलेली आहे, पण त्या रात्री काठ्या दिसण्याजोग्या नसतात. पुढे त्याचे काय झाले याचा एकही पुरावा मिळत नाही. तेहतीस वर्षांपूर्वी यॉर्कशरच्या वाळूने एका मोलकरणीची पेटी साखळीसकट परत दिली होती. डार्टमूरची दलदल प्रेत देत नाही, कबुली देत नाही, ठशाची खूणही ठेवीत नाही. होम्स वाट सोडून कमरेपर्यंत रुततो तेव्हा त्याच्या हाती लागतो तो लंडनच्या हॉटेलातून चोरलेला सर हेन्रीचा एक जुना काळा बूट, आणि त्यावर टोरोंटोच्या चर्मकाराचे नाव असते.